आठ हजार तीनशे चाळीस

टँकर दहा हजार लिटरचा.
पावती दहा हजारांची.
वाघोलीत, आमच्या सोसायटीच्या टाकीत उतरलं
आठ हजार तीनशे चाळीस.

हा आकडा आम्ही पकडला,
शलाका ढमढेरे, इरफान बागवान आणि मी,
थर्ड इयरच्या सुट्टीत, कर्वेनगरच्या खोलीवर,
चारशे रुपयांचा सेन्सर लाडवांच्या डब्यात बसवून.
डब्याच्या तळाला अजून तूप होतं.
आतली गोष्ट इरफानच्या मामाने सांगितली:
टँकरच्या पोटात एक पत्रा वेल्ड केलेला असतो,
बाहेरून ठोकलं तर आवाज भरल्याचाच येतो.
मामाचे स्वतःचे दोन टँकर.
सांगताना तो तंबाखू मळत होता
आणि मळायचा थांबला नाही.

बाणेरला नवव्या मजल्यावर काचेची खोली.
टेबलावर पाण्याच्या बाटल्या, घोटभर.
शलाकाने सवयीने लेबल वाचलं: दोनशे मिली.
तन्मय दिवेकर आमच्याच कॉलेजचा, बारा वर्षं पुढचा,
बुटांत मोजे नाहीत.
म्हणाला, प्रॉब्लेम झकास आहे.
आई पहाटे पाचला उठते मोटर लावायला,
तिला हे कळवायला हवं होतं.

मग म्हणाला, पण गिऱ्हाईक चुकतंय तुमचं.
सोसायटी पैसे देत नाही, मीटिंग घेते.
पैसे टँकरवाल्याकडे आहेत.
त्याला सांगा कुठली टाकी कधी आटणार,
कुणाची तहान किती, आणि त्या तासाला भाव काय.
सेन्सर तोच. फक्त तोंड फिरवा.

याला पिव्हॉट म्हणतात.
आमच्या गल्लीत दुसरा शब्द आहे,
तो मी दोनशे मिलीबरोबर गिळला.

दीड कोटी.
शून्यं इरफानने बोटाने मोजली,
मग उलटीकडून मोजली.
टर्मशीट सव्वीस पानी, आणि त्याच आठवड्यात
आम्हा दोघांची एम-थ्रीची एटीकेटी.
पान अकरा: चार वर्षांचं व्हेस्टिंग, एका वर्षाचा क्लिफ.
क्लिफ म्हणजे काय गं?
कडा, शलाका म्हणाली.
वर्षाच्या आत उतरलास तर तुझं काहीच नाही.
सिंहगडावर नवख्यांना सांगतो तसंच सांगितलं तिने,
त्या बाजूला जाऊ नकोस, दगड सुटे आहेत.

सही तिघांनी केली. हेही सांगायला हवं.
पेन तन्मयचं, जड.
त्या रात्री कर्वे रोडला तीन प्लेट भुर्जी,
पहिल्यांदाच वहीत न लिहिता.

एप्रिलात भाव तासातासाला हलू लागला.
स्क्रीनवरचा आलेख सुंदर होता,
खोटं कशाला बोलू, सुंदरच होता.
त्यातला एक तांबडा ठिपका आमची सी विंग.
आईचा फोन आला:
टँकर आज चार हजारांना का रे?
मागणी वाढलीय, मी म्हणालो.
कुणाची मागणी? आम्ही तर
रोजच मागतो.

अकराव्या महिन्यात मी उतरलो.
पाच आठवडे थांब ना मूर्खा, शलाका म्हणाली.
तिचं गणित नेहमीच बरोबर असतं.
इरफानने बॅग जिन्याने खाली आणून दिली,
लिफ्ट चालू असताना.

ऑफिसने नवे सेन्सर बसवले, जर्मन.
लाडवांचा डबा काढायचा कुणी तरी विसरलं.
तो सी विंगच्या टाकीवर तसाच,
त्याला पिव्हॉटचं कुणी बोललं नाही.
रात्री पावणेदोनला माझा फोन उजळतो.
काल:
आठ हजार दोनशे नव्वद.

पन्नासने आणखी कमी.
मामाने पत्रा बदललेला दिसतो.